मोठ्या वयाच्या ‘स्पेशल’ माणसांना दवाखान्यात नेताना… अनुभव सांगा (जरा मोठं आहे)

वडगावची_ताई (धागाकर्ती) | शनिवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. मोबाईलवर टाइप करतेय, शुद्धलेखन बघू नका.

आम्ही बेळगावचे. आमचा दादा 44 वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम. थोडं बोलतो, घरच्यांना सगळं कळतं, बाहेरच्यांना निम्मं. सकाळी उठून स्वतःचं स्वतः आवरतो, चहा-बटर खातो आणि गल्लीतल्या कापडाच्या मागावर जाऊन बसतो, सुताच्या कांड्या भरून देतो, मालक संध्याकाळी काहीतरी हातावर ठेवतात आणि तो ते आणून आईच्या देव्हाऱ्यात ठेवतो. वीस वर्षं झाली हे चालू आहे. म्हणजे त्याचं एक ठरलेलं आयुष्य आहे, दवाखान्यात मात्र आत गेल्या गेल्या लोकांना नुसता त्याचा चेहरा दिसतो आणि मग पुढचं काही बघायची गरजच वाटत नाही कुणाला.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी तो मागावर गेला नाही. बटर तसंच पडलं. कोपऱ्यात बसून शर्टाची कॉलर चावत होता. आमच्या घरात कॉलर म्हणजे दुखतंय. दाढ दुखली तेव्हा कॉलर, पाय मुरगळला तेव्हा कॉलर. रडत नाही तो कधी, आईला हे त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. एका मोठ्या दवाखान्यात नेलं (नाव घेत नाही, कृपया विचारू पण नका). ज्युनियर डॉक्टर मला म्हणाले, हे नेहमीच असं करतात का? मी म्हटलं नाही हो, दुखलं की करतात. पोटाला हात लावायला गेले तर दादानं हात झटकला. झालं, केसपेपरवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून गॅसची गोळी दिली आणि वर मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी. बुधवारी परत नेलं तर फारच चुळबूळ करतोय म्हणून शांत करायचं इंजेक्शन दिलं, तो झोपला, आम्हाला वाटलं उतार पडला. कसला उतार. दुखतंय हे सांगायला बिचाऱ्याकडं एक कॉलर होती, तीपण काढून घेतली.

गुरुवारी अंग भाजत होतं. दुसरीकडं नेलं. तिथले सर्जन वयस्क होते, त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि दादाला हात न लावता नुसते बघत बसले, दोन-तीन मिनिटं तरी. मग मला विचारलं, हा झोपताना उजवा गुडघा असा वर घेऊनच झोपतो का नेहमी? मी म्हटलं छे, लाकडाच्या ओंडक्यागत सरळ झोपतो. बास. सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स फुटलेलं, रात्री बाराला ऑपरेशन.

पुढचं आणखी वेगळंच. वॉर्ड पुरुषांचा, रात्री बाईमाणसाला थांबू देत नाहीत. वडील नाहीत, आई 74 ची, माझे मिस्टर गोव्याला नोकरीला. रात्री एक मामा (पेशंटजवळ थांबणारा माणूस) पैसे देऊन ठेवला, तो झोपला आणि दादानं सलाईन उपसून काढलं. सकाळी बघते तर दोन्ही हात कॉटला बांधलेले, मनगटं लाल.

आणि ते ‘हौद’ (कन्नडमध्ये ‘हो’) प्रकरण. दादाला कन्नड येत नाही, पण दुकानात बाजारात ऐकून ‘हौद’ तेवढं शिकलाय आणि ते त्याचं फार आवडतं आहे. सिस्टर विचारायची, नोवु ऐतेनु (दुखतंय का)? हा म्हणायचा हौद. पुढच्या पाळीची विचारायची, नोवु इल्ला (दुखत नाही ना)? हौद. फाईलमध्ये एका पाळीला दुखतंय, दुसऱ्या पाळीला दुखत नाही, त्याप्रमाणं इंजेक्शन कधी मिळायचं कधी नाही. चौथ्या दिवशी मला हे लक्षात आलं, मराठीत विचारलं तरी तो हौदच म्हणतो!

दादा आता बरा आहे. पण आईनंतर मी आहे, माझ्यानंतर कोण? तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं माणूस असेल तर दवाखान्यात काय करता, काय सांगता, कागद काय लागतात, सगळं लिहा.

खानापूरचा_पाव्हणा | शनिवार, रात्री 11:52

अक्का, वाचूलालोय आणि पोटात गोळा येऊलालाय बघा. आमचा चुलतभाऊ असाच हाय, 38 चा, गावात सगळे खुळा म्हणतात, म्हशी मात्र एकटा सांभाळतोय, एक दिवस चुकली न्हाई म्हस. त्याला फिट्स येतात. मागं एकदा ॲडमिट केलो तर उपाशी ठेवायचं म्हणून फिटच्या गोळ्या पण बंद केले, कुणी सांगितलं न्हाई की गोळी द्यायची का न्हाई, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातच दोन फिट्स. वर आमालाच विचारतात, आधी का न्हाई सांगितलं? सांगितलो होतो की वो! तीन जणांना सांगितलो, तिघांची पाळी संपली आणि घरला गेले.

हात बांधल्याचं वाचून लई वाईट वाटलं.

भूलतज्ज्ञ_चिकोडी | रविवार, सकाळी 7:05

मी भूल देणारा डॉक्टर, 22 वर्षं या भागात. ताई, आधी एक कबूल करतो, ‘सहकार्य करत नाही’ हे मीसुद्धा लिहिलंय. ओपीडीला दारापर्यंत रांग असते, त्यात न बोलणारा पेशंट आला की डॉक्टरचा मेंदू सोपी वाट धरतो. जे काही वेगळं दिसतंय ते सगळं त्याच्या मतिमंदपणाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. रडतोय, तसाच असतो. खात नाही, तसाच असतो. याचं कारण फक्त दुष्टपणा नाही, आम्हाला शिकवताना असा पेशंट समोर बसवून कुणी शिकवलेलंच नाही. ही सबब नाही, कारण सांगतोय.

तुमच्या सर्जननी जे पाहिलं ते जुनं शिक्षण आहे. अपेंडिक्सची सूज मागच्या स्नायूला लागली की माणूस उजवी मांडी सरळ करत नाही, बोलता येवो न येवो. पण त्यांना उत्तर कुणी दिलं? तुम्ही. हा नेहमी कसा झोपतो हे कुठल्याच मशीनला माहीत नसतं.

आता कामाचं. डाऊन असेल तर भूल द्यायच्या आधी ‘मानेचं बघितलं का’ हे विचाराच. काही जणांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, नळी घालताना मान जास्त मागं वाकवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. हृदयाचं जन्मजात काही आहे का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, हेही आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर यादीत पहिला नंबर मागून घ्या, उपाशी आणि गोंगाटात दुपारपर्यंत बसवलं तर कुणीही बिथरेल. फिटची गोळी: उपाशी असतानाही बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर देतात, तोंडाने चालत नसेल तर इंजेक्शनमधून, पण हे भूल देणाऱ्याला तोंडावर विचारून फाईलवर लिहून घ्या. पाव्हणे, तुमच्या भावाचं जे झालं ते टळलं असतं. सुई टोचायच्या तासभर आधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं, लहान मुलांना लावतो आम्ही, मोठ्यांना लावू नये असा काही नियम नाही. आणि झोप लागेपर्यंत घरचं एक माणूस टेबलाजवळ उभं करा म्हणावं. मी करतो. दहा मिनिटं वाचतात माझी.

शांत करायचं इंजेक्शन तपासणीच्या *आधी* आणि दुखण्याचं कारण न शोधता दिलं, हे चूक. एवढंच म्हणेन.

निपाणी_एक्सप्रेस | रविवार, सकाळी 9:31

डॉक्टर साहेब चांगलं लिहिलंत. माझी मावसबहीण, 50 च्या आसपास, तीपण डाऊन. वर्षभर गप्प गप्प, कामं विसरायला लागली, सगळे म्हणाले वयाचं आहे, यांना लवकर म्हातारपण येतं. खरंच येतं का?

भूलतज्ज्ञ_चिकोडी | रविवार, सकाळी 10:02

येतं. डाऊनमध्ये स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीत सुरू होऊ शकतो. पण तो शिक्का सगळ्यात शेवटी मारायचा. आधी थायरॉईड तपासा, डाऊनमध्ये ते बिघडायचं प्रमाण फार. मग कान, आत मळ घट्ट झाला असेल किंवा ऐकूच कमी येत असेल. मग डोळे, मोतीबिंदू लवकर होतो. माझ्या ओळखीत एकाचा ‘विसरभोळेपणा’ कान साफ केल्यावर निम्मा गेला.

सिस्टर_लीड्सहून | रविवार, दुपारी 2:15

मी मूळची टिळकवाडीची, दुसऱ्या गेटजवळ घर, आता 9 वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहे. ताई तुमचं पहाटे वाचलं, तेव्हापासून तेच डोक्यात.

आधी शब्दाचा घोळ सांगते. इथं ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात ते म्हणजे आपल्याकडं ज्याला बौद्धिक अक्षमता, मतिमंदत्व म्हणतो ते. आपल्याकडं लर्निंग डिसॅबिलिटी म्हटलं की डिस्लेक्सिया वगैरे, वाचण्या-लिहिण्याची अडचण. इंटरनेटवर शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलतंच हाती लागतं.

इथं बऱ्याच हॉस्पिटलांत या पेशंटांसाठी वेगळी नर्स असते, तिचं काम एवढंच की वॉर्ड आणि घरचे यांच्यात दुवा व्हायचं. आणि एक कागद असतो, त्याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात. बऱ्याच ठिकाणी सिग्नलसारखे तीन रंग, लालमध्ये हे कळल्याशिवाय हात लावू नका (ॲलर्जी, फिट्स, गिळायची अडचण), पिवळ्यात रोजच्या गरजा, हिरव्यात आवड-नावड. तो पेशंटबरोबर फिरतो, पाळी बदलली तरी कागद तिथंच. पाव्हण्यांचे तिघे घरी गेले ना, त्यावर उपाय हाच.

पण इथलं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका हं. हे आलं ते माणसं मेल्यावर आलं. 2007 मध्ये मेनकॅप या संस्थेनं सहा जणांच्या मृत्यूंचा अहवाल काढला, सहाही सरकारी आरोग्यसेवेत असताना गेलेले, त्यावर स्वतंत्र चौकशी बसली. तरी 2016 मध्ये ब्रिस्टलला ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा 18 वर्षांचा मुलगा गेला. ऑटिझम, सौम्य लर्निंग डिसॅबिलिटी आणि फिट्स. त्याला मनोविकारावरची एक प्रकारची औषधं सोसत नव्हती, त्यानं स्वतः सांगितलं, आईवडलांनी सांगितलं, तरी त्यातलंच एक दिलं. त्याच्या आईनं पुढं एवढा पाठपुरावा केला की 2022 च्या कायद्यात आरोग्यसेवेतल्या लोकांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. 14 वर्षांपुढच्यांना वर्षातून एकदा फॅमिली डॉक्टरकडं पूर्ण तपासणी मिळते. आणि एक क्षुल्लक वाटेल अशी गोष्ट, बद्धकोष्ठ. त्यानं इथं लोक गेलेत. बोलता येत नाही, पोट फुगतं, आणि सगळे म्हणतात चिडचिड करतोय. संडासची वही ठेवा, हसू नका.

एकच_सीमाभाग | रविवार, दुपारी 3:40

लंडनचं कौतुक पुरे. इथला खरा प्रश्न भाषेचा आहे, तो कुणी बोलत नाही. फॉर्म कन्नडमध्ये, बोर्ड कन्नडमध्ये, सिस्टर कन्नडमध्ये. धडधाकट मराठी माणसाला कळत नाही तिथं या बिचाऱ्यांचं काय? मुद्दाम चाललंय सगळं. 1956 पासून

टपरीवरचा_चहा | रविवार, दुपारी 3:58

झालं सुरू. कुठल्याही धाग्यावर 1956 येतंच.

एकच_सीमाभाग | रविवार, दुपारी 4:03

सत्य टोचतं.

संपादक | रविवार, दुपारी 4:20

सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, तिकडं मनसोक्त भांडा. इथं ताईंच्या विषयावर बोला.

वडगावची_ताई | रविवार, रात्री 9:10

भाषेचा प्रश्न खोटा नाही, माझ्याच दादाला भोवला. सहीच्या फॉर्मवर काय लिहिलंय हे मला शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या पोरानं वाचून सांगितलं. पण दादाचे हात सोडवले ते कुणी सांगू? गोकाककडची एक सिस्टर होती, तिला मराठी शून्य. मी तिला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की हा सगळ्याला हौद म्हणतो. ती हसली, आणि तेव्हापासून तिनं हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच सोडला. दादाचा हात धरून त्याच्याच पोटावर ठेवायची आणि म्हणायची, ‘एल्लि?’ कुठं? याला हौद म्हणून उत्तरच देता येईना, मग तो बोट ठेवायचा. दोन दिवसांत बोट टाक्यांवरून बाजूला सरकलं तसं तिनंच डॉक्टरांना बोलवून दाखवलं, तिथं पू साठत होता. तर भाषा यायला पाहिजे हे खरं, पण मराठीत मला ‘हे असेच असतात का’ विचारणारेही होतेच की.

हात सोडल्यावर तिनं सलाईनच्या हाताला दादाचा स्वतःचा लांब बाह्यांचा शर्ट घातला, नळी बाहीतून आत. दिसली नाही म्हणून उपसली नाही. एवढं साधं.

कागदवाला | सोमवार, सकाळी 6:44

सरकारी कचेरीत 31 वर्षं काढली, आता निवृत्त. पुतण्या गतिमंद आहे त्यामुळं हे कागद घरच्यासाठीच फिरवलेत. ताईंनी विचारलंय म्हणून सांगतो, जरा रुक्ष वाटेल.

पहिली गोष्ट, जी कुणाला माहीत नसते: मूल 18 चं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. सहीच्या वेळी एखादा दवाखाना अडला की मग धावपळ. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता या चारांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमून देते. समितीवर डीसी (जिल्हाधिकारी), एक नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टात जावं लागत नाही. बहीण पालक होऊ शकते. ताई, ‘माझ्यानंतर कोण’ विचारताय, हा अर्ज आई आहे तोवरच टाका. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र कागदावाचून डॉक्टरनं थांबायचं कारण नाही.

दुसरं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ते नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. अर्ज ऑनलाईन, तपासणी सरकारी दवाखान्यात. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून दिव्यांगांसाठी माणूस नेमलेला असतो, बहुतेक स्वतः दिव्यांगच असतो, त्याला गाठा, तो सांगेल कुठल्या वारी तपासणीचं बोर्ड बसतं ते. उगाच हेलपाटे नकोत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 वाचून ठेवा. त्यात दिव्यांगांना दवाखान्यात तपासणीला आणि उपचाराला *प्राधान्य* द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. रांगेत भांडायला उपयोगी पडतं, पण भांडू नका, झेरॉक्स दाखवा. मी दाखवतो. निम्म्या वेळा चालतं.

पैशाचं: निरामय म्हणून आरोग्य विमा आहे राष्ट्रीय न्यासाचाच, वर्षाला 1 लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपीसुद्धा त्यात. पण आधी खिशातून भरायचे, बिलं लावून परत मिळवायचे, तेव्हा एकूण एक चिठ्ठी जपा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाख, एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के आणि तेही दीड लाखापर्यंतच. साध्या वेळी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, तातडीच्या केसला सूट आहे. महाराष्ट्रानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटकनं विरोध केला, त्यामुळं कोल्हापूर-मिरजेला निघायच्या आधी त्या दवाखान्यात फोन करून विचारून घ्या, नुसत्या पेपरातल्या बातमीवर गाडी काढू नका. कर भरत असाल तर दिव्यांगाला सांभाळणाऱ्या घरच्यांना वजावट आहे (1961 च्या आयकर कायद्यात ती 80 डीडी), 75 हजार, आणि 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख, फक्त जुन्या करपद्धतीत.

आणि त्या मानसोपचाराच्या चिठ्ठीबद्दल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरोगाची जी व्याख्या आहे तिच्यातून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळलेलं आहे. यांना मनोरोग होऊ शकतो, इतरांना होतो तसाच. पण मतिमंदत्व हाच मनोरोग नाही.

खानापूरचा_पाव्हणा | सोमवार, सकाळी 8:15

काका तुमी एवढं सगळं तोंडपाठ! हे प्रिंट काढून घेतो.

अनामिक_आई | सोमवार, दुपारी 12:37

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. माझी मुलगी 29 ची आहे. पाळीच्या वेळी तिला फार त्रास होतो, कपडे सांभाळता येत नाहीत. एका दवाखान्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल, पुढं कुणी काही केलं तर तो धोकाही नाही. ‘कुणी काही केलं तर’ हे किती सहज म्हणाले. मुलगी बाजूलाच बसली होती. तिला सगळं कळतं, बोलता येत नाही एवढंच. घरी आल्यावर दोन दिवस पोटावर उशी धरून बसली.

मला आठवतं, 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्यात काढल्या होत्या, केवढा गदारोळ झाला होता. एवढ्या वर्षांनी तेच मला एसीच्या केबिनमध्ये ऐकायला मिळालं. नाही केलं आम्ही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्रास निम्म्यावर आलाय. मी कॅलेंडरवर लाल टिकली लावते, ती बघून तीच आता कपाटातून पॅड काढून ठेवते.

कागदवाला | सोमवार, संध्याकाळी 6:50

बाई, तुम्ही बरोबर केलंत. 2016 च्या कायद्याच्या कलम 10 मध्ये आहे, तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल न होण्याची कुठलीही शस्त्रक्रिया करता येत नाही.

प्रेसवाला_31 | सोमवार, संध्याकाळी 7:30

मी हळू शिकणारा आहे. मी बोलून टाइप करतो. वहिनी चुका काढते. मी छापखान्यात कागद मोजतो. पाचशेचं बंडल मला हाताला कळतं.

दवाखान्यात डॉक्टर आईला विचारतात. याला काय होतंय. मी तिथंच असतो. मला विचारा ना. मला वेळ लागतो. मला एक प्रश्न विचारा आणि थांबा. दुसरा प्रश्न लगेच विचारला की पहिला जातो. सुई टोचणार असाल तर सांगा. दुखणार नाही सांगतात आणि दुखतं. मग मी पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही.

ताईंच्या दादाला सांगा मी पण हौद म्हणतो. हौद म्हटलं की लोक लवकर जातात.

सिस्टर_लीड्सहून | सोमवार, रात्री 11:04

शेवटची ओळ मी माझ्या वॉर्डात सांगणार आहे. तुमची परवानगी असेल तर.

प्रेसवाला_31 | मंगळवार, सकाळी 9:12

हो. हौद नाही. हो.

टपरीवरचा_चहा | मंगळवार, सकाळी 9:40

❤️

निपाणी_एक्सप्रेस | गुरुवार, दुपारी 1:26

मावसबहिणीचं सांगायचं राहिलं. थायरॉईड कमी काम करतंय असं निघालं, गोळी सुरू केली. डॉक्टर म्हणाले दोन महिने तरी बघूया. काल स्वतःहून भाकरी थापायला बसली म्हणे, वाकडी झाली पण थापली.

वडगावची_ताई (धागाकर्ती) | पाच आठवड्यांनी, शुक्रवार रात्री 10:15

धागा वर काढतेय, रागावू नका.

सिस्टरनी सांगितला तसा कागद केला. रंगीत प्रिंट परवडेना म्हणून माझ्या पोरानं स्केचपेननं कडा रंगवल्या. एका बाजूला मराठी, मागं कन्नड, कन्नड आमच्या गल्लीतल्या सरांनी लिहून दिलं. पहिल्यांदा मी दोन पानं लिहिली होती, भूलतज्ज्ञ साहेबांना पाठवली तर ते म्हणाले एवढं कोण वाचणार, मला उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे. मग काटून काटून एवढं उरलं: लालमध्ये, डाऊन आहे, भूल देताना मान जपा, थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी. त्याखाली, दुखलं की रडत नाही, कॉलर चावतो. सगळ्याला हौद म्हणतो, हो-नाही विचारू नका, ‘कुठं’ विचारा. पिवळ्यात, झोपतो सरळ, उजव्या कानानं कमी ऐकतो (हे आता कळलं, डॉक्टरांनी इथं सांगितल्यावर तपासून घेतलं, उजवीकडून हाक मारली की बघायचा नाही आणि आम्ही 44 वर्षं म्हणत होतो हट्टी आहे). सलाईन लांब बाहीतून घाला. हिरव्यात काय लिहायचं सुचेना, आई म्हणाली लिही, त्याला ‘बाळू’ म्हणा आणि माग कसा चालतो ते विचारा. लॅमिनेशनचे 30 रुपये.

पालकत्वाचा अर्ज पण टाकलाय, आईनं सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं.

आज फेरतपासणीची सोनोग्राफी होती. अंधारी खोली, गार जेली, मागच्या वेळी चौघांनी धरून ठेवला होता. या वेळी मी आदल्या दिवशी मागावर जाऊन दहा मिनिटं मोबाईलवर मागाचा आवाज भरून घेतला होता, नुसतं खटक-खटक-खटक. कागद दाखवला, डॉक्टरीणबाईंनी वाचला, खरंच वाचला, आणि डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मी मोबाईल त्याच्या डाव्या कानाशी धरला. दादा पडला सरळ, ओंडक्यागत. बोटं तेवढी कांडी भरल्यासारखी हलत होती. पू नाही, सगळं साफ आहे म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, बाळू, हा कसला आवाज?

मला वाटलं आता हौद म्हणणार. तर म्हणतो, ‘माग. धागा तुटलाय तिथं.’

घरी येऊन मी परत ऐकलं. सातव्या मिनिटाला खरंच एकदा थांबलाय माग.

खानापूरचा_पाव्हणा | शुक्रवार, रात्री 10:31

अक्का तो कागद कोरा करून पाठवा की जरा. म्हशीवाल्यासाठी पण भरतो.

वडगावची_ताई | शुक्रवार, रात्री 10:40

उद्या पाठवते. फिटच्या गोळीचं नाव आणि वेळ सगळ्यात वर लिहा.